शाश्वत सागरी मासेमारी : कायद्याला जोड पर्यावरण शिक्षणाची

श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची प्रथा फार जुनी आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो. त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवल्या जात आणि जाळी विणण्याचे, दुरुस्तीचे काम घरोघरी चाले. नेमक्या याच काळात पश्चिम किनाऱ्यावरील अनेक जातींचे मासे अंडी घालतात. माणसाच्या सुरक्षिततेसाठी पाळलेली ही विश्रांती माशांच्याही वाढीला उपकारक ठरत असे.

यांत्रिक नौका आल्यानंतर पावसाळ्यातही समुद्रात जाणे शक्य झाले आणि प्रथेच्या जागी कायदा आणावा लागला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. २०१५ पासून हा कालावधी ६१ दिवसांचा आहे. मात्र उरलेल्या तीनशे दिवसांत काय पकडले जाते, कोणत्या जाळ्याने आणि किती, यावर समुद्राचे आणि त्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे भवितव्य अवलंबून आहे. शाश्वत मासेमारीचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो.

अथांग असला, तरी अक्षय नाही

समुद्रातील मासळी कधीच संपणार नाही, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात जगभर होती. विसाव्या शतकाने ती खोटी ठरवली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कॉड माशाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. सुमारे पाच शतके चाललेली ही मासेमारी जुलै १९९२ मध्ये सरकारला एकाएकी बंद करावी लागली, कारण पकडण्याजोगा साठाच उरला नव्हता. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी २०२४ पर्यंत कायम राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पाहणीनुसार १९७४ मध्ये जगातील सुमारे दहा टक्के सागरी मत्स्यसाठ्यांवर अतिमासेमारीचा ताण होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ३७.७ टक्क्यांवर पोहोचले. दरम्यान, १९९५ साली याच संघटनेने जबाबदार मासेमारीची आचारसंहिता स्वीकारली. मासेमारी करण्याच्या हक्कासोबत मत्स्यसंपदा जपण्याचे कर्तव्यही येते, हे तिचे मूलतत्त्व आहे.

भारतातील चित्र संमिश्र आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून देशाच्या सागरी मत्स्योत्पादनाचा अभ्यास करते. तिच्या अंदाजानुसार २०१२ मध्ये देशात ३९.४ लाख टन सागरी मासळी उतरवली गेली. २०२४ मध्ये हा आकडा ३४.७ लाख टन होता. २०१९ मध्ये महाराष्ट्रात केवळ २.०१ लाख टन मासळी मिळाली. पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी चक्रीवादळांमुळे मासेमारीचे दिवस घटले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. दुसरीकडे, २०२२ च्या स्थितीवर आधारित मूल्यमापनात संस्थेने तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की भारतीय समुद्र हातचा गेलेला नाही. जे आहे ते राखण्याची वेळ मात्र हीच आहे.

लहान मासा, मोठा तोटा

मत्स्यसाठा दोन प्रकारे घटतो. पहिल्या प्रकारात मासे पूर्ण वाढण्यापूर्वीच पकडले जातात. समजा, एखादा पापलेट पन्नास ग्रॅमचा असताना पकडला. तोच मासा काही महिन्यांनी तीनशे ग्रॅमचा झाला असता आणि मोठ्या पापलेटला किलोमागे मिळणारा दरही कितीतरी अधिक असता. वाढीच्या काळात काही मासे नैसर्गिकरीत्या मरतात, हे जमेस धरले तरी घाईने पकडलेल्या लहान माशातून मच्छिमाराचे नुकसानच होते. दुसरा प्रकार अधिक गंभीर असतो. अंडी घालण्याइतके मोठे मासेच कमी उरले, तर पुढची पिढी जन्माला येत नाही. पहिले नुकसान व्याजाचे, तर दुसरे मुदलाचे.

यावर उपाय म्हणून किमान कायदेशीर आकारमानाची संकल्पना पुढे आली. एखाद्या जातीचा मासा ठरावीक लांबीपेक्षा लहान असेल, तर तो पकडणे वा विकणे बेकायदा ठरते. केरळने २०१५ मध्ये १४ जातींसाठी असे नियम लागू केले आणि पुढे त्यांची संख्या वाढवून ५८ केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकारमान निश्चित केले. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे.

प्रश्न असा उरतो की पाण्याखालचे जाळे मासा मोजून पकडत नाही. म्हणूनच जाळ्याच्या आसाला, म्हणजे त्याच्या छिद्राच्या आकाराला, अतिशय महत्त्व आहे. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून पिशवीसारखे जाळे ओढत नेतो. जाळ्याच्या टोकाशी जो भाग असतो, त्याला खोला म्हणतात. सारी मासळी तिथे साठते. पारंपरिक विणीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण पडला की मिटतो आणि लहान पिल्लांनाही बाहेर पडायला वाट राहत नाही. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो. त्यामुळे खोल्याला चाळीस मिलिमीटरचा चौकोनी आस लावण्याची शिफारस मत्स्यशास्त्रज्ञ करतात. अडकलेली पिल्ले एरवी कवडीमोल भावाने खतासाठी किंवा मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांकडे जातात.

दोष केवळ ट्रॉलरचा नाही. पालघर, वसई, मुंबई परिसरात भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावले जाणारे डोल जाळे पारंपरिक आहे. बोंबील आणि जवळा मिळावा म्हणून त्याचा आस बारीकच ठेवावा लागतो. पण काही महिन्यांत याच जाळ्यात पापलेटची पिल्लेही येतात. अशा वेळी डोल कुठे आणि केव्हा लावावी, हा निर्णय तांडेलाच्या अनुभवावर आणि समजुतीवर सोपवण्यावाचून गत्यंतर नसते.

कायदा आणि त्याची पोहोच

भारतात किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. त्यापुढे दोनशे सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अधिकारात आहे. केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. या कायद्यांमागे मोठा संघर्ष होता. यांत्रिक नौका किनाऱ्यालगत येऊन पारंपरिक मच्छिमारांची जाळी तोडत आणि मासळीही नेत, अशा तक्रारींवरून सत्तरच्या दशकात गोवा, केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आंदोलने झाली होती.

त्यानंतर नियम वाढत गेले. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर कठोर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास अनन्य आर्थिक क्षेत्रात बंदी केली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून एलईडी मासेमारीसाठी पाच ते वीस लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली.

तरीही सर्व प्रकार थांबलेले नाहीत. याचे कारण समुद्राच्या स्वरूपातच आहे. रस्त्यावर नाका उभारता येतो. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यापासून दूर असलेल्या हजारो नौकांपैकी प्रत्येकीवर नजर ठेवणे कोणत्याही गस्ती नौकेच्या आवाक्याबाहेरचे आहे. जाळे ओढून वर घेतल्यावर पिल्ले जिवंत असतानाच पाण्यात सोडायची की बर्फात टाकायची, हा निर्णय तिथेच काही मिनिटांत होतो. त्या क्षणी नौकेवर अधिकारी नसतो. असते ती तांडेलाची आणि खलाशांची जाण. पर्यावरण शिक्षणाचे स्थान नेमके इथे आहे.

पर्यावरण शिक्षण म्हणजे नेमके काय?

पर्यावरण शिक्षण म्हणजे निबंध, घोषवाक्ये आणि प्रभातफेऱ्या, असा एक समज रूढ आहे. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे भरवलेल्या परिषदेने मात्र या शिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली होती : जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. मासेमारीच्या क्षेत्रात ही पाचही एकत्र आली, तरच शिक्षण जाळ्यापर्यंत पोहोचते. पापलेट घटत आहे ही जाणीव झाली. तो का घटतो हे ज्ञान झाले. पण चौकोनी आसाचा खोला विणता येणे हे कौशल्य आहे आणि गावातील सर्वांनी तो वापरायचे ठरवणे हा सहभाग आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेले शिक्षण खंत वाढवते, मासळी वाढवत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबवलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात याचा अनुभव आला. मालवण परिसरातील ट्रॉलरधारकांना चौकोनी आसाची जाळी प्रत्यक्ष वापरून पाहण्यासाठी देण्यात आली. जाळ्यातून पिल्ले निसटली तरी विकण्याजोगी मासळी हाती राहते आणि निरुपयोगी मासळी निवडण्याचे कष्ट वाचतात, हे स्वतःच्या नौकेवर दिसल्याशिवाय मच्छिमाराचा विश्वास बसत नाही. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या पुढाकारातून उभी राहिलेली नेटफिश ही संस्थाही याच पद्धतीने बंदरोबंदरी प्रशिक्षण देते. जाळ्याचा आस, बर्फाचा वापर, मासळीची स्वच्छता आणि संवर्धन हे विषय त्यात एकत्र शिकवले जातात.

गुजरातचा व्हेल शार्क

शिक्षणामुळे समुद्रात काय घडू शकते, याचे भारतातील ठळक उदाहरण गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर आढळते. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आहे. अवाढव्य असूनही तो प्लवक आणि बारीक मासे खाऊन जगतो आणि माणसाला इजा करत नाही. नव्वदच्या दशकात वेरावळ आणि आसपासच्या बंदरांवर त्याच्या यकृतातील तेलासाठी आणि मांसासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. चित्रपटकार माइक पांडे यांच्या माहितीपटाने हा प्रकार जगासमोर आणला आणि २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या माशाचा समावेश झाला.

कायदा झाला, पण अनेक मच्छिमारांना तो ठाऊकच नव्हता. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी संयुक्त मोहीम हाती घेतली. कथाकार मोरारी बापू यांनी तिचे नेतृत्व स्वीकारले. बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा त्यांनी या माशाला दिली. लेक घरी आली असता तिला कोणी मारत नाही, हा विचार कोणत्याही शास्त्रीय अहवालापेक्षा लवकर घराघरांत पोहोचला. पथनाट्ये झाली, शाळांतून कार्यक्रम झाले, पोरबंदरसह काही शहरांनी व्हेल शार्कला आपले मानचिन्ह केले.

मात्र ही मोहीम केवळ भावनेवर उभी नव्हती. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडवायचा तर जाळे कापावे लागते आणि ते महाग असते. म्हणून वनविभागाने भरपाईची व्यवस्था केली. सुटकेची छायाचित्रे काढण्यासाठी मच्छिमारांनाच कॅमेरे देण्यात आले, त्यामुळे अधिकारी येईपर्यंत वाट पाहण्याची गरज उरली नाही. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांनी कधीकाळी शिकार केली होती, त्याच समाजाने शेकडो व्हेल शार्क जिवंत सोडले. महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना सुरू केली. समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची तरतूद तिच्यात आहे.

अष्टमुडीच्या तिसऱ्या

दुसरे उदाहरण केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीचे आहे. कोकणात तिसऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिंपल्यांच्या कुळातील एक जात तेथे विपुल सापडते. ऐंशीच्या दशकात आग्नेय आशियातून मागणी वाढली आणि उत्पादन १९९१ मध्ये सुमारे दहा हजार टनांवर गेले. दोनच वर्षांत ते निम्म्यावर आले. शास्त्रज्ञ आणि शिंपले वेचणारे यांनी एकत्र बसून नियम ठरवले. प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपले काढायचे नाहीत; ठरावीक आसाचीच जाळी वापरायची; लहान शिंपले निर्यात करायचे नाहीत.

हे नियम पाळले गेले, कारण बंदीचे कारण वेचणाऱ्यांना समजले होते आणि निर्णयात त्यांचा सहभाग होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये या मत्स्यव्यवसायाला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारा तो भारतातील पहिला व्यवसाय ठरला.

याच्या उलट अनुभव कोळंबीच्या निर्यातीत आला. ट्रॉल जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर पडण्यासाठी वाट देणारे साधन भारतात बहुतेक ठिकाणी वापरात आले नाही. त्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. साधन उपलब्ध होते, नियमही होते. कासवाबरोबर थोडी मासळीही निसटेल, ही मच्छिमारांची शंका मात्र वेळेवर दूर झाली नाही.

शाळा, बाजार आणि स्वयंपाकघर

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर आणण्याचे निर्देश दिले. २००३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. त्यामुळे हा विषय देशभरातील पाठ्यपुस्तकांत आला. परंतु सर्वांसाठी सारख्या असलेल्या पुस्तकात प्रत्येक बंदराचा समुद्र मावत नाही. किनाऱ्यावरच्या शाळेसाठी खरे पाठ्यपुस्तक मासळीबाजारात आणि बंदरावर असते. मुलांनी दर आठवड्याला बंदरावर उतरलेल्या बांगड्यांची लांबी मोजली, कोणत्या महिन्यात अंडी भरलेले मासे येतात याची नोंद ठेवली, आजोबांच्या काळी मिळणाऱ्या आणि आता न दिसणाऱ्या माशांची यादी केली, तर गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास एकाच वेळी शिकता येतो. अशा नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्या, तर त्या गावालाही उपयोगी पडतात.

शहरातील ग्राहकाचे शिक्षण तितकेच आवश्यक आहे. बाजारात लहान पापलेटला गिऱ्हाईक असेल, तोवर ते पकडले जाईल. बंदीच्या काळात ताज्या सुरमईचा आग्रह धरणारा आणि हातभर लांबीचा नियम मोडलेला मासा स्वस्त मिळाला म्हणून आनंदणारा ग्राहक हासुद्धा या साखळीचा भाग आहे. पावसाळ्यात सुका बोंबील, सुकट, जवळा आणि खाडीची मासळी खाण्याची कोकणातील जुनी रीत प्रत्यक्षात ऋतुमानानुसार आहाराची शिस्तच होती. मासळी विकणाऱ्या कोळी महिला ग्राहक आणि मच्छिमार यांच्यातील दुवा आहेत. कोणत्या हंगामात कोणता मासा घ्यावा, हे त्यांच्याइतके अधिकाराने कोणी सांगू शकत नाही. जनजागृतीच्या कार्यक्रमांत त्यांना अग्रस्थान मिळणे म्हणूनच उचित ठरेल.

शिक्षणाने काय होणार नाही

शिक्षणाकडून अवाजवी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. नौकेसाठी कर्ज काढलेल्या, डिझेलच्या खर्चाने वाकलेल्या मच्छिमाराला लहान मासे पकडू नयेत हे ठाऊक असते. रिकाम्या हाताने परतणे मात्र त्याला परवडत नाही. एकाने नियम पाळला आणि शेजारच्या नौकेने मोडला, तर पाळणाऱ्याचेच नुकसान होते. समुद्र सर्वांचा असल्याने ही अडचण केवळ सदिच्छेने सुटत नाही. त्यासाठी बंदीच्या काळातील अर्थसाहाय्य, सर्वांना सारखा लागू होणारा दंड आणि नौकांच्या संख्येवर नियंत्रण यांची जोड द्यावी लागते. सांडपाणी, प्लास्टिक, खारफुटीची तोड आणि तापणारे समुद्राचे पाणी यांचे ओझेही एकट्या मच्छिमारावर टाकता येत नाही.

शिवाय, हे शिक्षण एकाच बाजूने वाहणारे नसावे. वारा, प्रवाह, पाण्याचा रंग आणि माशांच्या येण्याजाण्याच्या वेळा यांचे ज्ञान मच्छिमारांच्या पिढ्यांनी जपले आहे. पावसाळी बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी, अशी महाराष्ट्रातील पारंपरिक मच्छिमारांची मागणी अनेक वर्षांची आहे. ३१ जुलैला संपणाऱ्या बंदीपेक्षा त्यांची प्रथा बहुधा अधिक दिवसांची होती. स्वतःच्या कमाईचे दिवस कमी करून मागणारा हा समाज संवर्धनाचा अर्थ जाणतो, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

बंदीचा काळ संपून नौका पुन्हा समुद्रात जातात, तेव्हा पहिल्याच फेरीत पिल्लांनी भरलेले जाळे वर येण्याचा संभव असतो. दोन महिन्यांच्या विश्रांतीत वाढू लागलेली ती मासळी असते. त्या दिवशी बारीक आसाचे जाळे घरी ठेवणारा तांडेल, लहान मासा परत करणारी विक्रेती आणि तो न मागणारा ग्राहक हे तिघे मिळून कायद्याचे उरलेले काम पूर्ण करू शकतात. त्यांना ते का करायचे हे उमगणे, हेच शाश्वत मासेमारीसाठी पर्यावरण शिक्षणाचे खरे प्रयोजन आहे.